डाव्या मडगार्डची कडी

अण्णा, सटाण्याच्या आक्का आज अकरा वाजता येणार आहेत. आता पावणेनऊ झालेत. पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवला, संजयला दूध आणायला पिटाळलं आणि घरामागच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये येऊन तुमच्याच स्टुलावर बसले आहे. समोर तो विटकरी ट्रॅक्टर उभा आहे आणि त्याच्या डाव्या मडगार्डकडे बघायचं मी टाळते आहे. कंपनीतल्या जुन्या रिपोर्टांच्या पाठकोऱ्या कागदांवर हे लिहितेय, कारण बोलायला गेले की संजय, तुमचा मुलगा, "आता पुरे" म्हणतो.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत लोक काय काय बोलून गेले तुमच्याबद्दल! शांत स्वभाव म्हणे. कधी कुणाला उलटून बोलले नाहीत म्हणे. मी चहाचे कप उचलता उचलता ऐकत होते. ज्या माणसाने डायनॅमोच्या एका पट्टीवरून माझ्याशी नऊ दिवस अबोला धरला, त्याच्याबद्दल ही मंडळी बोलतायत यावर माझा विश्वास बसेना. मला माझे भांडखोर अण्णा हवे होते. अजूनही हवे आहेत.

तुम्हाला सांगायची एक गोष्ट राहिली आहे. ती आक्कांच्या आधी तुम्हाला सांगायला हवी, म्हणून ही घाई.

मी सून म्हणून या घरात आले तेव्हा अंबडला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. बाहेरून आलेला माल ड्रॉइंगप्रमाणे आहे का बघायचा, नसेल तर लाल कार्ड लावून परत पाठवायचा. हे कळल्यावर तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला इथे बोलावलंत. एका जुन्या ट्रॅक्टरची खरेदीची पावती आणि गिअरबॉक्सवर ओतकामातच उठलेले तारखेचे आकडे दाखवलेत आणि म्हणालात, "सांग इन्स्पेक्टर, ह्यो गिअरबॉक्स या मशीनचा हाय का दुसऱ्याचा आणून बसवलाय?" मी इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, ट्रॅक्टर लांबूनच पाहिलेला. पण आकडे म्हटल्यावर मला राहवेना. पदर खोचला, वाकले, कापडाने ग्रीस पुसलं. म्हटलं, गिअरबॉक्स ओतलाय त्याच्या चार महिने आधीच हा ट्रॅक्टर विकला गेलाय, मग हा याचा कसा असेल? तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. त्या दिवसानंतर मला या घरात कुणी सूनबाई म्हटलं नाही.

जुन्या ट्रॅक्टरमधलं फॅक्टरीतून आलेलं काय आणि गावोगावच्या मिस्त्रींनी बदललेलं काय, हे वेगळं करणं हे तुमचं वेड होतं. हौशी लोक लांबलांबून मशीन घेऊन यायचे आणि तुमची रीत ठरलेली असायची. एकेक भाग बघायचा, आणि तो याच मशीनबरोबर फॅक्टरीतून आलाय अशी खात्री पटली की पिवळ्या ऑइलपेंटमध्ये अंगठा बुडवून त्यावर ठसा उठवायचा. ब्रश नाही, अंगठाच. "ब्रश काय, कुनाचाबी असतो," तुम्ही म्हणायचात. खात्री नसेल तर ठसा नाही, मग मालक कितीही गयावया करो. तुमच्या अंगठ्याच्या नखाची कड कायम पिवळी असायची आणि त्याच हाताने तुम्ही भाकरी मोडता म्हणून आई कुरकुर करायच्या. त्या गेल्यावर ती कुरकुर मी चालू ठेवली.

आपलं भांडण एकच होतं आणि ते पंचवीस वर्षं पुरलं. मी पार्ट बुक मानायची. कोणत्या मॉडेलला कोणता भाग, किती बोल्ट, कुठल्या बाजूला, सगळं त्यात छापलेलं असताना वाद कशाला? तुम्ही म्हणायचात, "पार्ट बुक लिहिणारा पंख्याखाली बसतो आन् मशीन जोडणारा घामात. मॉडेल बदललं तरी जुन्या मॉडेलचे चार दिवे उरलेच ना? तो काय फेकणार हाय? लावतो पुढच्या मशीनला आन् घरी जातो. मंग ते मशीन खोटं का?" ड्रॉइंगमध्ये नाही ते चूक, असं मी ठासून सांगायची. माझी भाकरीच त्याच्यावर चालत होती. डायनॅमोच्या पट्टीच्या वेळी माझं बरोबर निघालं, तर दहाव्या दिवशी तुम्ही न सांगता माझ्या स्कूटरचा कार्बोरेटर साफ करून ठेवलात. तोंडाने "चुकलं" म्हणायचं नाही, हा या घरचा रोग आहे आणि तो मला लग्नानंतर लागला.

दुसरं तुमचं पालुपद म्हणजे "खाली जा." मी मशीन चहूबाजूंनी बघून मत द्यायला लागले की तुम्ही कोपऱ्यातलं गोणपाट माझ्याकडे फेकायचात. "वरून रंग बोलतो, इन्स्पेक्टर. लोखंड खालून बोलतं. खाली जा." मी कधी गेले नाही. कधी पाठ दुखते, कधी साडी चांगली आहे, कधी कंपनीची बस चुकेल. आमच्याकडे माल टेबलावर येतो, माणूस मालाखाली जात नाही, असंही एकदा म्हणाले होते. तुम्ही स्वतः त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत आडवे होऊन जात होतात.

गेल्या दिवाळीनंतर भाऊसाहेब हा ट्रॅक्टर टेम्पोत घालून घेऊन आले. सटाण्याजवळ त्यांची शेती आहे, आक्का त्यांच्या आई. त्यांच्या वडिलांनी पंचक्रोशीत पहिला ट्रॅक्टर आणला होता. तो पुढे विकला गेला, अनेक हातांतून फिरत गेला आणि वडीलही गेले. आता कुठल्याशा भंगाराच्या आवारात त्यांना त्याच मॉडेलचा हा सांगाडा दिसला. वडिलांची खरेदीची कागदपत्रं वाळवीने खाल्लेली, या मशीनवरची पाटी गायब, जुळवायचं कशाशी? त्यांनी तुम्हाला एकच विचारलं, "अण्णा, हा आमचाच का? आई चौऱ्याऐंशीची आहे. तिला खोटं सांगायचं नाही." तुम्ही म्हणालात, वेळ लागेल.

हिवाळाभर तुम्ही त्याच्यावर होतात. इंजिन, मागचा अॅक्सल, स्टिअरिंग, एकेक ठसा उमटत गेला. सगळे भाग पहिल्या मॉडेलचे, सगळे याच मशीनचे. आणि मग उन्हाळ्यात तुमच्या छातीत पाणी झालं आणि तुम्ही अकरा दिवस हॉस्पिटलात राहिलात.

त्या अकरा दिवसांत मी काय केलं ते आता ऐका.

घरात बसून माझा जीव वर-खाली होत होता. तुम्ही परत याल तेव्हा काहीतरी काम पुढे गेलेलं दिसावं, म्हणून मी मडगार्ड हातात घेतले. डाव्या मडगार्डवर एक कडी होती. वाकवलेल्या सळईची, मडगार्डवर बसणाऱ्याला धरायला. उजव्यावर काहीच नव्हतं. मी पार्ट बुक उघडलं. पहिल्या मॉडेलला कडी नाहीच. नंतरच्या मॉडेलला आहे, पण दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला कडी असलेला ट्रॅक्टर पुस्तकात कुठेच नाही. शिवाय ती कडी झिजलेली, तिला कसली तरी हिरवी चिंधी गुंडाळलेली, चिंधीच्या काठातली जर काळी पडलेली. गावच्या वेल्डरचा उद्योग, मी ठरवून टाकलं. चूक दिसली की माझे हात शिवशिवतात, तुम्हाला ठाऊक आहे. दोन बोल्ट काढले. भोकांभोवतीचा रंग पत्रा उघडा पडेपर्यंत घासला, पुट्टी भरली, प्रायमर मारला. कडी बाकीच्या मोडक्या लोखंडाबरोबर भंगारवाल्याच्या गाडीवर टाकली. मडगार्ड पुस्तकातल्यासारखा दिसायला लागला आणि मला फार बरं वाटलं.

तुम्ही घरी आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी संजयच्या खांद्यावर हात ठेवून इथवर आलात. त्या मडगार्डवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "इथं कायतरी होतं का गं?"

मी म्हणाले, "नाही अण्णा."

तेवढ्यावर थांबले असते तर एक वेळ. पण पुढे मी म्हणाले, "तुम्हाला दुसऱ्या कुठल्या तरी ट्रॅक्टरचं आठवत असेल."

का म्हणाले? डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मला भांडण नको होतं, तुम्ही न विचारता मी हात लावला हे कबूल करायचं नव्हतं, आणि माझं बरोबरच आहे असा माझा ठाम समज होता. तुम्ही "असंल" म्हणालात आणि घरात गेलात.

त्या दिवसानंतर तुम्ही माझ्यासमोर एकाही भागावर ठसा उठवला नाही. पेंटचा डबा तसाच, त्याच्यावर साय धरलेली. संजयला तुम्ही एकदा म्हणालात, "माझं काय खरं नाय आता." मी दाराआड होते. इतक्या वर्षांत कुठल्या मशीनला कोणता नट होता हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा माणूस माझ्या एका वाक्याने स्वतःवरच शंका घ्यायला लागला, असं मला तेव्हापासून वाटत होतं. उद्या सांगू, रविवारी सांगू, जरा तब्येत सुधारली की सांगू. मग एका सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही खुर्चीतच गेलेले होतात.

बुधवारी भाऊसाहेबांचा फोन आला. आधी तुमच्याबद्दल बोलले, मग म्हणाले, "ताई, आईला रविवारी आणतोय. अण्णांनी मागच्या महिन्यात सांगितलं होतं, बाकी सगळं जुळलंय, फक्त डाव्या बाजूची कडी फॅक्टरीची आहे का ते ठरलं की सांगतो. आमच्या ट्रॅक्टरला कडी एकाच बाजूला आली होती. वडील त्यावरून एजन्सीत भांडून आले होते, दुसरी पाठवतो म्हणाले, ती काही आलीच नाही. तसे एका कडीचे ट्रॅक्टर जिल्ह्यात दोन-चारच आले असतील, असं अण्णा म्हणायचे. तर कडीचं काही ठरलं होतं का?"

मी काय उत्तर दिलं आठवत नाही. फोन ठेवल्यावर भिंतीला टेकून खाली बसले.

गुरुवारी रजा टाकली आणि भंगाराची आवारं पालथी घातली. ज्याच्या गाडीवर टाकलं होतं तो सापडला. तो माल अंबडला मोठ्या आवारात जातो म्हणाला. तिथे गेले. तिथला माणूस आधी हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "मॅडम, उन्हाळ्यातलं लोखंड कधीच भट्टीत गेलं. आतापत्तुर त्याची सळई होऊन कोनाच्या तरी स्लॅबमधी बसली असंल." इतकी वर्षं मी त्याच रस्त्याने कामाला जाते. परतताना सिग्नलला हिरवा लागला तरी मी उभीच होते, मागचे हॉर्न वाजवत होते.

तीन रात्री धड झोप नाही. कडी फॅक्टरीची होती असं सांगावं तर पुरावा मी घासून टाकला. नव्हती म्हणावं तर एका म्हातारीचा ट्रॅक्टर मी तिच्याकडून दुसऱ्यांदा हिरावून घेते. आणि गप्प बसावं तर अण्णांना शेवटी ठरवता आलं नाही, असं लोक म्हणतील. तुमच्या नावावर माझी चूक जाईल.

सव्वादहा झाले. संजय हाक मारतोय.

*

आता साडेतीन वाजलेत. ते लोक मघाशीच गेले. माझ्या नव्या साडीला ग्रीस लागलंय आणि मी अजून ती बदललेली नाही.

आक्का लहानखुऱ्या आहेत, अण्णा. काठी टेकत आल्या. तुमच्या फोटोला हात जोडले आणि सरळ इकडे निघाल्या. भाऊसाहेब म्हणत होते, "आई, आधी पाणी तर पी," पण ऐकेनात. ट्रॅक्टरजवळ आल्या, डाव्या बाजूला गेल्या. मी काही बोलायच्या आत त्यांचा हात वर गेला आणि बरोबर माझ्या पुट्टीवर येऊन थांबला.

"आठेच व्हती," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "ह्याच हातले."

म्हटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. "आक्का, कडी होती. मी काढली. मला वाटलं नंतर कुणी लावलेली आहे. भंगारात गेली, शोधली, नाही मिळाली." संजय माझ्याकडे बघतच राहिला. त्यालाही हे माहीत नव्हतं.

आक्कांनी विचारलं, "तिले काही गुंडाळेल व्हतं का?"

"चिंधी होती."

"कसानी?"

"हिरवी. काठाची. काठात जर होती, काळी पडलेली."

त्यांनी माझं मनगट धरलं. "मना लुगडाना काठ," त्या म्हणाल्या. "उनमा लोखंडना चटका बसे ना, मीच गुंडाळेल व्हता." भाऊसाहेबांनी तोंड फिरवलं. मी रडायलाच लागले. त्यांना "कडी गेली" एवढंच सांगता येत होतं मला. तर त्या म्हणाल्या, "कडी गयी ते गयी. भोकं शेतस ना?"

भोकं होती. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुट्टी उकरायला लागले. तुम्ही शिकवलेलं तेव्हा आठवलं: फॅक्टरीचं भोक रंगाच्या आधी पडतं, गावातलं भोक रंगानंतर. फॅक्टरीचं असेल तर भोकाच्या आतल्या कडेलाही पहिला रंग उतरलेला असतो. पण वरून काय दिसणार? वरचा सगळा रंग मी स्वतःच घासून काढलेला. भोकांभोवती नुसता माझाच प्रायमर माझ्याकडे बघत होता.

मग मी कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं. संजय म्हणाला, "अगं, साडी!" मी मागच्या चाकाजवळ आडवी झाले आणि टॉर्च घेऊन मडगार्डच्या खाली सरकले.

खाली सगळीकडे जुन्या शेताचा चिखल वाळून बसला होता. फक्त एका जागी वीतभर पत्रा स्वच्छ खरवडलेला होता. तिथे ती दोन भोकं होती, आणि त्यांच्या कडेला आतपर्यंत तोच विटकरी रंग होता. माझी पुट्टी दाबल्यामुळे खालून थोडी बाहेर आली होती. आणि दोन्ही भोकांशेजारी, त्या बाहेर आलेल्या पुट्टीवरच अर्धा चढलेला, एकेक पिवळा अंगठा होता.

पुट्टीवर, अण्णा. म्हणजे मी भरल्यानंतर. म्हणजे हॉस्पिटलातून आल्यावर, छातीत दम नसताना, कुणी घरात नाही असं बघून तुम्ही इथे आडवे झाला होतात.

तुमचं डोकं चालत होतं. तुम्हाला सगळं आठवत होतं. मी खोटं बोलले हे तुम्हाला कळलेलं होतं. मला विचारलंत त्याच्या आधीच तुम्ही खाली जाऊन आला होतात की नंतर गेलात, हे मला आता कधीच कळणार नाही. पण आक्कांना "हा तुमचाच" असं तुम्ही का कळवलं नाहीत ते मात्र चाकाखाली पडल्या पडल्या कळलं. कळवलं असतंत तर कडी कुठे गेली हे सांगावं लागलं असतं. ते मी सांगावं म्हणून तुम्ही थांबला होतात. भाऊसाहेबांना, आक्कांना, सगळ्यांना थांबवून ठेवलंत, आणि मी दाराआड उभी राहून तुमची कीव करत होते.

मी बाहेर आले तेव्हा आक्का स्टुलावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "आक्का, अण्णांनी ठरवलं होतं. फॅक्टरीचीच कडी होती." त्यांनी मान हलवली. "मंग हाऊ आमनाच शे," म्हणाल्या आणि पोहे मागितले.

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब ट्रॅक्टर न्यायला येतील. नवी कडी बसवून देऊ का विचारलं, तर आक्का नको म्हणाल्या. त्या भोकांत पुट्टी मात्र भरू नको म्हणाल्या. संजय अजून माझ्याशी धड बोलत नाही. तुमचाच मुलगा आहे, नऊ दिवस चालेल.

वर्कशॉप आता रिकामं वाटतंय. पेंटच्या डब्यावरची साय मी काढली, खाली रंग अजून ओला आहे. मला त्यात बोट बुडवायचा धीर झाला नाही. झाकण घट्ट लावून ठेवलं.

तुम्ही मला विचारलं होतंत, इथं काहीतरी होतं का गं.

होतं, अण्णा. डाव्या बाजूला कडी होती. मी काढली.